प्लाझ्मा बदलतात म्हणजे काय करतात?

आजचा विषय ऐकायला डॉक्टरी वाटेल, पण तो आपल्याच बैठकांतून आलाय. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगत नांदेड गाव (मराठवाड्यातलं नांदेड नव्हे, हे निराळं), किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागात जीबीएस नावाच्या आजाराची साथ आली. एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार, आणि पुण्याच्या परिसरात काही आठवड्यांत त्याच्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. टीव्हीवर रोज आकडे यायचे आणि त्यासोबत ‘प्लाझ्मा एक्स्चेंज’ हे शब्दही यायचे.

तेव्हापासून गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, रजिस्टर मिटलं, की कुणीतरी विचारतंच. “रक्त बदलतात म्हणे, खरं का?” “करोनात प्लाझ्मा देत होते, तेच का हे?” एक मावशी म्हणाल्या, “माणूस हातचा गेला की मग हे करतात, उगं पैसे काढायला.” हे शेवटचं ऐकल्यावर आम्ही ठरवलं, की यावर नीट बोललंच पाहिजे. कारण हा उपचार लवकर केला तर जास्त गुण देतो, आणि तो शेवटचा उपाय समजून घरच्यांनी चार दिवस विचारात घालवले तर नुकसान रुग्णाचंच होतं.

आधी प्लाझ्मा म्हणजे काय ते पाहू. आपण रक्त लाल बघतो, पण लाल असतात त्या त्यातल्या पेशी. त्या ज्या पाण्यात तरंगतात ते पाणी पिवळसर असतं. दही काही वेळ ठेवलं की वर निवळी येते ना, साधारण तसं. रक्ताच्या निम्म्याहून थोडा जास्त भाग हे पिवळं पाणीच असतं, आणि त्यालाच प्लाझ्मा म्हणतात. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या अंगात तो दोन-सव्वादोन लिटर असतो. त्यात मीठ, साखर, प्रथिनं असतात, रक्त गोठवणारे घटक असतात. शिवाय असतात आपल्या शरीरानं जंतूंशी लढायला तयार केलेली प्रतिपिंडं. आजच्या गोष्टीत सगळा घोटाळा करतात ती ही प्रतिपिंडं.

समजा, रात्री एक चोर घोंगडी पांघरून गावात शिरला. कुत्र्यांनी त्याला धरला, फाडला, पळवून लावला. इथवर उत्तम. पण दुसऱ्या दिवशी आपला म्हातारा तसलीच घोंगडी पांघरून शेतावर निघाला आणि कुत्री त्याच्यावरच धावली. जीबीएसमध्ये हेच होतं. पोटात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा एक जंतू जातो, बहुतेक वेळा दूषित पाण्यातून नाहीतर अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून. जुलाब होतात, चार दिवसांत थांबतात. पण या जंतूचं बाहेरचं कवच आपल्या नसांच्या काही भागांसारखं दिसतं. त्यामुळे जंतूसाठी तयार झालेली प्रतिपिंडं आपल्याच नसांवर तुटून पडतात. मोटारीच्या वायरीवरचं प्लास्टिक उंदरानं कुरतडलं तर लाइट असूनही मोटार चालत नाही, तसं मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोचतच नाही. पुण्याच्या साथीतही काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत हा जंतू सापडला होता. सर्दी-तापासारख्या दुसऱ्या आजारानंतरही जीबीएस होऊ शकतो. पण एक ध्यानात ठेवा, जीबीएस एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाला वेगळं टाकायचं काही कारण नाही.

आता उपचार. आपल्या दूध डेअरीत मलई काढायचं यंत्र असतं. दूध गरगर फिरवलं की मलई एका तोटीनं आणि बाकी दूध दुसऱ्या तोटीनं बाहेर येतं. प्लाझ्मा बदलायची बरीचशी यंत्रं याच तत्त्वावर चालतात. रुग्णाच्या मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत एक नळी बसवतात. तिच्यातून रक्त थोडं थोडं करून यंत्रात जातं. यंत्र लाल पेशी वेगळ्या करून रुग्णाच्या अंगात परत पाठवतं, आणि पिवळं पाणी एका पिशवीत जमा होतं. ते पाणी फेकून देतात. त्याच्या जागी अल्ब्युमिन नावाचं प्रथिन घातलेलं पाणी, नाहीतर रक्तपेढीतला दुसऱ्या दात्यांचा प्लाझ्मा देतात. हे सगळं एकाच वेळी चालू असतं, म्हणून अंगातलं रक्त कधीच संपत नाही. कुठल्याही क्षणी अंगाबाहेर, म्हणजे नळ्यांत आणि यंत्रात, पाव लिटरच्या आसपासच रक्त असतं. एक खेप दोन-तीन तास चालते. रुग्ण जागा असतो, बोलू शकतो.

म्हणजे रक्त बदलत नाहीत. लाल रक्त ज्याचं त्यालाच परत मिळतं. यंत्र आणि नळ्या बघून काही जण ‘किडनीचं डायलिसिस लावलंय’ असंही गावात सांगतात. दिसायला ते जवळपास सारखं असतं, आणि काही दवाखान्यांत किडनीचेच डॉक्टर हे काम बघतात, काही ठिकाणी रक्तपेढीचे. पण रुग्णाच्या किडन्या चांगल्या असतात. उगाच तशी बातमी पसरवू नये. त्या पोरीचं लग्न व्हायचं असलं तर एवढ्यावरूनही सोयरीक मोडते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

पुढचा प्रश्न हमखास येतो. एकदा काढलं ना ते पाणी, मग पुन्हा पुन्हा कशाला? जीबीएसमध्ये साधारण पाच खेपा करतात, बहुधा एक दिवसाआड, म्हणजे दहा-बारा दिवस जातात. याचं उत्तर विहीर उपसणाऱ्या बाईला लगेच कळेल. विहिरीत गढूळ पाणी शिरलं, आपण मोटार लावून उपसलं, तळ दिसला. रात्रीत काठाच्या झऱ्यांतून पुन्हा पाणी येतं आणि सोबत थोडा गढूळपणाही येतो. दुसऱ्यांदा उपसलं की तो आणखी कमी होतो. प्रतिपिंडं नुसती रक्तात नसतात, बाकीच्या अंगातही मुरलेली असतात. एका खेपेत रक्तातली साठ-पासष्ट टक्के निघतात, मग अंगातली हळूहळू रक्तात उतरतात, ती पुढच्या खेपेत काढतात. म्हणून दोन खेपा झाल्यावर “काही फरक नाही, चला घरी” असं म्हणून रुग्णाला उचलून आणणं म्हणजे विहीर अर्धी उपसून दोर गुंडाळण्यासारखं आहे.

आमच्या प्रभागातल्या एका ताईच्या घरी नेमकं इथंच अडलं होतं. कांदा लागवडीचे दिवस होते. आधी जुलाब होऊन गेले होते, ते ती विसरूनही गेली होती. मग एक दिवस पायाला मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी चालताना पायातली चप्पल निसटायला लागली आणि ती निसटल्याचं तिला कळेना. तिसऱ्या दिवशी उकिडवी बसली तर उठता येईना. घरात कुणी म्हणालं वारं गेलं, कुणी म्हणालं मालिश करा. गावातल्या एकानं सलाईन लावून ताकदीची सुई दिली. तिची जाऊबाई आपल्या गटात आहे, तिनं १०८ ला फोन लावला म्हणून चौथ्या दिवशी ती मोठ्या दवाखान्यात पोचली. तिथं प्लाझ्मा बदलायला सुरुवात झाली. दोन खेपा झाल्या, पाय तसेच. उलट हात आणखी ढिले पडले. सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, “साहेब, पोरगी आली तेव्हा हातानं चहा पीत होती. तुम्ही काय काढून घेतलं तिच्यातलं?”

सासूबाईंचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. कुणीही हेच विचारेल. आम्हाला वाटतं, पहिल्याच दिवशी कुणी त्यांना बाजूला बसवून सांगितलं असतं तर हा प्रश्न आलाच नसता. नंतर तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी वेळ काढून समजावलं, ते आम्ही तुमच्यासाठी लक्षात ठेवलंय. हा आजार सुरू झाल्यापासून दोन आठवडे, कधी चार आठवडेही वाढतच जातो. प्लाझ्मा बदलल्यानं नसांवरचा मारा थांबतो, पण मारानं जे आवरण गेलं ते लगेच परत येत नाही. ते शरीर स्वतःच पुन्हा चढवतं, त्याला आठवडे लागतात, कधी महिने लागतात. चोर घराबाहेर काढला तरी फोडलेली भिंत गवंडी लागल्याशिवाय उभी राहत नाही, तसंच हे. उपचार मिळाला की माणूस लवकर चालायला लागतो, श्वासाच्या यंत्राची गरज कमी जणांना पडते, हे १९८० च्या दशकात अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये शेकडो रुग्णांवर केलेल्या अभ्यासांत दिसलं. जीबीएसवर गुणकारी ठरलेला हा पहिला उपचार. रुग्णाला आधाराशिवाय चालता येत नसेल, तर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केल्यास त्याचा फायदा सगळ्यांत जास्त. सगळ्या रुग्णांचा हिशेब धरला तर पाचातले जवळपास चार जण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालतात. काहींना मात्र अशक्तपणा राहतो, आणि चांगले उपचार मिळूनही काही जण दगावतात. हे लपवून उपयोग नाही.

त्या ताईच्या पाचही खेपा झाल्या. ती काठी धरून उभी राहिली तेव्हा उन्हाळा संपत आला होता.

जीबीएसवर दुसरा एक उपचार आहे. त्याला आयव्हीआयजी म्हणतात, गावात त्याला ‘पुण्याच्या महाग सुया’ असं नावच पडलंय. हजारो दात्यांच्या रक्तातून गोळा केलेली चांगली प्रतिपिंडं पाच दिवस सलाईनसारखी देतात. १९९२ सालच्या हॉलंडमधल्या अभ्यासापासून हे माहीत आहे, की दोन्हींचा गुण सारखाच येतो. मग निवड कशावर होते? सुयांना यंत्र लागत नाही, कुठल्याही चांगल्या दवाखान्यात देता येतात. पण पन्नास किलोच्या माणसाला एकूण १०० ग्रॅम औषध लागतं, म्हणजे पाच-पाच ग्रॅमच्या वीस बाटल्या, आणि एकेका बाटलीची किंमत हजारांत. प्लाझ्मा बदलणं आपल्याकडं बहुतेक ठिकाणी त्यापेक्षा स्वस्त पडतं, पण त्याला यंत्र, शिकलेली माणसं आणि अतिदक्षता विभाग लागतो. रुग्णाचा रक्तदाब फार वर-खाली होत असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर डॉक्टर बहुधा सुयांकडं वळतात. “दोन्ही द्या ना साहेब, पाहिजे तर एकराचं बघतो” असं घाबरलेला नवरा म्हणून जातो. तर ऐका, एकापाठोपाठ दोन्ही दिल्यानं जास्त गुण येतो असं दिसलेलं नाही. शिवाय सुयांनंतर लगेच प्लाझ्मा काढला तर त्यासोबत सुयांचं औषधही निघून जातं. जमीन गहाण टाकण्याआधी एवढं माहीत असू द्या. आणि गावात देतात त्या स्टेरॉइडच्या सुयांचा जीबीएसमध्ये उपयोग होत नाही, हेही सिद्ध झालेलं आहे. त्यात जातो तो आपला वेळ.

यंत्र नसलेल्या ठिकाणी काय करायचं, यावर बांगलादेशातल्या ढाक्याच्या डॉक्टरांनी केलेली एक खटपट आम्हाला फार आवडली. त्यांनी रक्त पिशवीत थोडं थोडं काढलं, पिशवी खाटेशेजारी टांगून ठेवली. लाल पेशी आपोआप खाली बसल्या, त्या रुग्णाला परत दिल्या आणि वरचं पाणी टाकून दिलं. वीस रुग्णांवर हे करून बघितलं आणि ते सुरक्षितपणे जमतं असं २०१८ साली छापलं. गुण किती येतो हे ठरायला याहून मोठा अभ्यास लागतो. पण बाईनं निवळी काढावी तसं ते काम, म्हणून सांगितलं.

धोके आहेत का? आहेत. खेप चालू असताना रक्तदाब उतरतो, चक्कर येते. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात त्यानं अंगातलं कॅल्शियम तात्पुरतं कमी होतं, मग ओठाला आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. रुग्णाला आधीच सांगून ठेवा, की असं झालं तर सिस्टरना लगेच सांग, सोसत पडू नकोस. आपल्या बायकांना सोसायची सवय फार. कॅल्शियम दिलं की ते थांबतं. मानेतल्या नळीच्या जागी जंतू जाऊ शकतात, म्हणून तिथं हात लावायचा नाही, आणि भेटायला येणाऱ्यानं अंगारा तर अजिबात लावायचा नाही. श्रद्धा असेल तर कपाळाला लावा. दुसऱ्याचा प्लाझ्मा दिला असेल तर अंगावर पित्तासारख्या गांधी उठू शकतात.

आता करोनातल्या प्लाझ्माचं. तेव्हा उलटं काम चाललं होतं. बरं झालेल्या माणसाचा प्लाझ्मा घेऊन तो आजारी माणसाला देत होते. आयसीएमआरनं देशभरातल्या ३९ दवाखान्यांत ४६४ रुग्णांवर तपासून पाहिलं, तर त्यानं आजार वाढणं थांबत नव्हतं की मृत्यू कमी होत नव्हते. २०२१ च्या मे महिन्यात तो उपचार सरकारी यादीतून काढला. त्यामुळे “प्लाझ्माचं काही खरं नसतं” असं जे लोक म्हणतात ते त्या उपचाराबद्दल खरं आहे. आज आपण बोलतोय तो वेगळा.

जीबीएसशिवाय आणखी काही आजारांत प्लाझ्मा बदलतात. पापण्या मिटायला लागतात, घास गिळता येत नाही, असा मायस्थेनिया नावाचा स्नायूंचा आजार आहे, तो एकदम बळावला की करतात. रक्तात बारीक गुठळ्या होऊन प्लेटलेट घसरतात अशा एका दुर्मीळ आजारात तर हाच मुख्य उपचार आहे. पण आपल्या घरांच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे उंदीर मारायचं पिवळ्या फॉस्फरसचं मलम. ते टूथपेस्टसारखं दिसतं, लहान पोरं चाटतात, कधी रागाच्या भरात मोठं माणूसही खातं. त्याची वाईट खोड अशी, की पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस माणूस बरा दिसतो, आणि त्यानंतर यकृत निकामी व्हायला लागतं. त्यावर उतारा म्हणून औषध नाही. यकृत बदलणं आपल्या आवाक्याबाहेरचं. अशा वेळी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी प्लाझ्मा बदलून काही जणांचे जीव वाचलेत. म्हणून उलटी थांबली, पोरगं खेळायला लागलं, तरी त्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचंच, आणि मलमाची नळी सोबत न्यायची. खरं तर ते मलम घरात ठेवूच नये. पिंजरा लावा, मांजर पाळा. आणि घरातलं कुणी जिवाला कंटाळल्यासारखं बोलत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आता आपल्या गटांच्या कामाचं. जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेल्यावर पंधरा दिवस-तीन आठवड्यांत कुणाच्या दोन्ही पायांना मुंग्या येऊन ताकद जायला लागली, तोंड वाकडं झालं, गिळताना ठसका लागायला लागला, तर तो दिवस घरी काढायचा नाही. एका श्वासात मोठ्यानं वीसपर्यंतही मोजता येत नसेल तर श्वासाचे स्नायू थकत चालले असं धरा आणि तासाचाही उशीर करू नका. १०८ ला फोन करतानाच सांगा, की पायातली ताकद वर चढत चाललीय. त्यामुळे कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते ठरवायला मदत होते.

रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जीबीएसचे उपचार बसतात. पुण्याच्या साथीच्या वेळी सरकारनं त्यासाठीची रक्कमही वाढवली होती. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. पैसे भरण्याआधी तिथं जायचं, भरल्यावर नाही. सहीसाठी कागद पुढं आला की विचारायला लाजू नका. किती खेपा होणार, बदली पाणी अल्ब्युमिनचं की रक्तपेढीतलं, योजनेत काय बसतं आणि बाहेरून काय आणावं लागेल, यंत्र इथंच आहे की दुसरीकडं न्यावं लागेल. न्यावं लागणार असेल तर ते आजच विचारलेलं बरं.

आमच्या ग्रामसंघानं त्या ताईच्या वेळी जोखीम निधीतून रक्कम दिली, ती प्रवास, राहणं-खाणं आणि घरच्यांची बुडालेली मजुरी यातच गेली. उपचार योजनेतून झाला तरी हा खर्च सुटत नाही. म्हणून आता आम्ही ठराव घेतलाय, की आजारपणाच्या अशा मागणीला महिन्याच्या बैठकीची वाट बघायची नाही. अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांनी त्याच दिवशी सही करून पैसे द्यायचे आणि पुढच्या बैठकीत मंजुरी घ्यायची. दवाखान्यात बसायला पाळ्याही लावायच्या, कारण दहा-बारा दिवस एकटी सासू नाहीतर एकटा नवरा टिकत नाही. पाळीवर जाणारीनं एक करायचं, रुग्णाशी बोलत राहायचं. हातपाय हलत नसले, नळीमुळे बोलता येत नसलं, तरी जीबीएसच्या रुग्णाला सगळं ऐकू येतं आणि सगळं कळतं. ती ताई आम्हाला नंतर म्हणाली, “शेजारी बसून माझ्या पोरांचं कसं होणार म्हणून रडत होत्या ना, त्या सगळ्याजणी मला आठवतात.”